पाठातील उसनी खिडकी

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक जुनी गोष्ट सांगतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या शाळेत ‘स्लाइड’ दाखवीत, तेव्हा ती हातात धरता येत असे. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला तो फिल्मचा लहानसा तुकडा असे. उजेडाकडे धरला की त्यात चित्र दिसे. वीज गेली तर पडदा काळा होई, पण स्लाइडमधले चित्र स्लाइडमध्येच राही. वीज आली की ते पुन्हा पडद्यावर हजर!

स्लाइड आजही दाखवतात. नाव तेच राहिले, वस्तू मात्र पार बदलली. आजची स्लाइड संगणकात असते आणि अशा दहा-बारा स्लाइडच्या पाठाला शाळेत सगळे ‘पीपीटी’ म्हणतात. तिच्यात मजकूर, चित्र, आवाज हे सर्व ठेवता येते. इतकेच नव्हे, तर इंटरनेटवरचे एखादे पान, एखादी चित्रफीत किंवा हलता नकाशाही तिच्यात बसवता येतो. पाठ चालू असतानाच, दुसरीकडे कोठे न जाता, ते पान स्लाइडच्या चौकटीत उघडते.

मला आज या शेवटच्या सोयीविषयी तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी बोलायचे आहे. सोय उत्तम आहे यात शंका नाही. पण ती वापरताना आपण एक चूक सर्रास करतो. चौकटीत जे दिसते ते आपल्या पाठातच आहे, असे आपण समजून चालतो. या गैरसमजाची किंमत खेड्यातल्या विद्यार्थ्याला सर्वात जास्त मोजावी लागते, असे माझे मत आहे. ते पटते का, हे तुम्हीच पाहा.

यवतचा एक पाठ

समजा, दौंड तालुक्यातील यवत गावच्या एका माध्यमिक शाळेत नववीच्या बाईंनी एक पाठ तयार केला. पाठाचे नाव ‘आपल्या उसाला पाणी कोठून येते?’ यवतच्या मुलांना हा विषय नवा नाही. पुणे-सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आहे, जवळपास गुऱ्हाळे आहेत आणि या भागातून नवा मुठा उजवा कालवा जातो. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला हा कालवा हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतून सुमारे २०२ किलोमीटर वाहतो. कालव्याचे आवर्तन केव्हा सुटणार, हा प्रश्न घराघरांत रोज ऐकू येतो.

बाईंनी बारा स्लाइड केल्या. त्यांतील चार स्लाइडमध्ये त्यांनी इंटरनेटवरची पाने बसवली. पहिलीत कालव्याचा नकाशा होता. दुसरीत धरणाचे दरवाजे कसे उघडतात याची चित्रफीत होती. तिसरीत १९६१ सालच्या पानशेतच्या पुराची माहिती देणारे, कोणा हौशी माणसाच्या वेबसाइटवरचे पान होते. चौथीत धरणांतील पाणीसाठ्याचा रोजचा तक्ता होता. हे आकडे राज्याचा जलसंपदा विभाग दररोज इंटरनेटवर देत असतो. पाठ छान रंगला. मुले खूश, बाईही खूश.

पुढच्या वर्षी बाईंनी तोच पाठ नव्या वर्गापुढे उघडला. नकाशाच्या जागी करडा चौकोन दिसला आणि त्यात ‘हे पान येथे दाखवता येत नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य होते. चित्रफितीच्या जागी ‘ही चित्रफीत आता उपलब्ध नाही’ असा निरोप होता. पुराच्या पानाच्या जागी कसली तरी जाहिरात! पाणीसाठ्याचा तक्ता मात्र उघडला, तोही अर्धा उतरला आणि नेट गेले.

बाईंनी आपल्या फाइलमधले एक अक्षरही बदलले नव्हते. मग बदलले कोणी? हे समजण्यासाठी त्या चौकटीत खरोखर काय असते ते पाहू.

चौकटीत काय असते?

पाठात एखादे छायाचित्र चिकटवले की त्याचे सगळे ठिपके फाइलमध्ये साठवले जातात. छायाचित्र २०० किलोबाइटचे असेल, तर फाइल तेवढ्याने जड होते. पण बसवलेल्या पानाचे तसे नसते. तेथे फाइलमध्ये फक्त एक सूचना लिहिलेली असते. या पत्त्यावर जा, तेथून जे मिळेल ते आण आणि एवढ्या रुंदीच्या व एवढ्या उंचीच्या चौकटीत दाखव. सूचना शंभर-दोनशे अक्षरांची. दहा मिनिटांच्या चित्रफितीची स्लाइडसुद्धा वजनाला हलकी का असते, याचे रहस्य हेच. चित्रफीत तिच्यात नसतेच!

वेबपानाच्या आत अशी दुसऱ्या पानाची चौकट ठेवण्याच्या सूचनेला संगणकाच्या भाषेत ‘आयफ्रेम’ म्हणतात. १९९७ सालच्या ‘एचटीएमएल ४’ या आवृत्तीत तिला मान्यता मिळाली. पाठ उघडला की तुमचा संगणक त्या पत्त्यावरच्या दूरच्या संगणकाला विनंती पाठवतो. त्या संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. सर्व्हरने पान दिले तर ते चौकटीत दिसते. तो ‘४०४’ हा आकडा परत पाठवतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, ‘या पत्त्यावर असे पान नाही’. प्रत्येक वेळी पाठ उघडला की ही विनंती नव्याने जाते आणि उत्तर नव्याने येते. कालचे उत्तर आज कामाला येईलच असे नाही.

म्हणजे छायाचित्र हे भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखे आहे, तर बसवलेले पान हे भिंतीत काढलेल्या खिडकीसारखे. भिंत आपली आणि चौकटही आपली. पण खिडकीतून दिसणारे अंगण शेजाऱ्याचे. त्याने झाड तोडले तर आपल्याला दिसणारे झाड नाहीसे होणार. त्याने आपल्या बाजूने पडदा ओढला तर आपण काही करू शकत नाही. खिडकी आपली वाटली तरी दृश्य उसनेच असते.

खिडकी बंद का होते?

पहिले कारण तुम्हाला ठाऊकच आहे. नेट नाही, रेंज नाही किंवा डेटा संपला. पण कारणे एवढ्यावर थांबत नाहीत.

दुसरे कारण पत्ता बदलण्याचे. वेबसाइट नव्याने रचली की तिच्यातील पानांचे जुने पत्ते पुष्कळदा मोडतात. ज्यांनी हे विश्वव्यापी जाळे उभारले, त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावले होते की पानांचे पत्ते बदलू नयेत. सांगणे सोपे, पाळणे अवघड! अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती, असे तिच्यात आढळले. पाचातली जवळजवळ दोन पाने गेली.

तिसरे कारण नाव सुटण्याचे. वेबसाइटचे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांपुरते नोंदवावे लागते. मुदत संपल्यावर मालकाने पैसे भरले नाहीत, तर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग पत्ता जुनाच राहतो आणि घरात राहणारा माणूस नवा. आपल्या गोष्टीत पुराच्या माहितीऐवजी जाहिरात आली ती अशी. ही बाब केवळ गैरसोयीची नाही. मुलांपुढे उघडणाऱ्या पाठात काय येईल याचा भरवसाच उरत नाही.

चौथे कारण मनाई. समजा, एका लबाड माणसाने बँकेचे पान आपल्या पानात अदृश्य चौकटीत बसवले आणि तिच्या नेमके खाली ‘बक्षीस मिळवा’ असे बटण रंगवले. तुम्ही बक्षिसावर बोट दाबाल, पण ते दाबले जाईल बँकेच्या न दिसणाऱ्या बटणावर. ही युक्ती २००८ साली सुरक्षातज्ज्ञांनी उघड केली. तेव्हापासून अनेक वेबसाइट पानाबरोबर एक हुकूमही पाठवतात, ‘आम्हाला दुसऱ्याच्या चौकटीत दाखवू नका’. ब्राउझर तो हुकूम पाळतो आणि आपल्याला करडा चौकोन दिसतो. मालकाने हे आपल्या भल्यासाठीच केलेले असते. पण हुकूम तो केव्हाही लागू करू शकतो, म्हणून गेल्या वर्षी उघडलेली खिडकी यंदा बंद होते.

पाचवे कारण सर्वात दांडगे. दृश्य जागेवर असते, पण ते पाहण्याचा चष्माच नाहीसा होतो. ‘फ्लॅश’ हे नाव तुमच्या शिक्षकांना आठवत असेल. हलती चित्रे, खेळ आणि संगणकावरचे प्रयोग करण्यासाठी अनेक वर्षे फ्लॅशचा वापर झाला. अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला दिलेला आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधील वस्तू चालणेच बंद केले. दिवस कोणते होते ते आठवा. मार्च २०२० पासून शाळा बंद होत्या आणि शिकवणे फोनवर आले होते. फ्लॅशचा शेवट तीन वर्षे आधीच जाहीर झाला होता, तरी ज्या पाठांकडे कोणी पुन्हा पाहिले नव्हते ते नेमक्या त्याच काळात आंधळे झाले.

थोडे गणित

आता एक हिशेब करू. समजा, एखादी खिडकी ऐन वेळी उघडण्याची शक्यता १०० पैकी ९५ आहे. वाईट नाही! मग पाठात अशा दहा खिडक्या असतील, तर दहाच्या दहा उघडण्याची शक्यता किती? ०.९५ ला ०.९५ ने असे दहा वेळा घेऊन गुणा. एकेका खिडकीचे नशीब दुसरीपासून वेगळे आहे असे मानले, तर उत्तर सुमारे ०.६० येते. वीस खिडक्या असतील तर ०.३६. म्हणजे प्रत्येक खिडकी चांगली असूनही वीस खिडक्यांचा पाठ तीनपैकी दोन वेळा कोठे ना कोठे अडणार. पाठाची सोय वाढवताना आपण त्याचा भरवसा कमी करत असतो, आणि हे एकेक खिडकी बसवताना लक्षात येत नाही.

दुसरा हिशेब पैशाचा. समजा, चित्रफितीच्या एका मिनिटाला ५ मेगाबाइट डेटा लागतो. दहा मिनिटांची फीत वर्गात पडद्यावर एकदा दाखवली तर ५० मेगाबाइट लागले. पण तोच पाठ ४० मुलांनी घरी आपापल्या फोनवर उघडला तर २,००० मेगाबाइट झाले. परीक्षेच्या आधी पुन्हा पाहिला तर पुन्हा तेवढेच. हा खर्च बाईंच्या हिशेबात कोठेच दिसत नाही. तो घरोघरच्या रिचार्जमध्ये वाटला जातो. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर शेतावर किंवा बाजारात जातो, त्या घरातल्या मुलाला अभ्यासाला मिळतो तो रात्रीचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात करडा चौकोन गोल फिरत राहिला, तर त्या मुलाच्या दृष्टीने पाठ झालाच नाही. तीच फीत शाळेत एकदा उतरवून, मालकाची परवानगी असल्यास, पेनड्राइव्हवर किंवा ब्लूटूथने मुलांना दिली तर घरचा डेटा शून्य लागतो.

शहरातल्या घरी वायफाय असते, म्हणून तेथे ही अडचण जाणवत नाही. पाठ करणाऱ्याने तो आपल्या टेबलावर उघडतो की नाही एवढेच पाहून भागणार नाही. सर्वात वाईट रेंज असलेल्या वस्तीवर तो उघडतो का, हे पाहायला हवे.

दुसरी बाजूही ऐका

यावर कोणी म्हणेल, ‘मग खिडक्याच नकोत. सगळे काही उतरवून पाठातच भरा.’ मला हे मान्य नाही. त्याचे कारण आकाशात सापडते.

२००५ साली एखाद्या शिक्षकाने ग्रहांविषयीची माहिती उतरवून आपल्या पाठात ठेवली असती, तर त्यात नऊ ग्रह असते. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रहांत टाकले. ज्याने चांगल्या वेबसाइटची खिडकी ठेवली, त्याचा पाठ आपोआप सुधारला. ज्याने नक्कल ठेवली, त्याचा पाठ मुकाट्याने चुकीचा झाला. बंद पडलेली खिडकी निदान बंद दिसते. शिळी नक्कल मात्र ताज्या माहितीचा आव आणून समोर उभी राहते. शनीचे उपग्रह किती, हा प्रश्न तर याहून अवघड. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि एकूण संख्या २७४ झाली. पाठ्यपुस्तक या वेगाने कसे धावणार?

आणि काही गोष्टी तर ताज्या असल्याशिवाय त्यांना अर्थच नाही. इन्सॅट उपग्रहांनी काढलेली ढगांची चित्रे हवामान खाते दिवसभर इंटरनेटवर देत असते. पावसाळ्यात वर्गात बसून आजचे ढग पाहण्याची मजा गेल्या वर्षीच्या चित्रात येणार नाही. यवतच्या पाठातील पाणीसाठ्याच्या तक्त्याचेही तसेच. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची उपयुक्त साठवण अनुक्रमे १.९७, १०.६५, १२.८२ आणि ३.७१ टीएमसी आहे. बेरीज २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर. या साठ्यातून पुणे शहर पाणी पिते आणि दौंड-इंदापूरची शेतीही भिजते. त्यामुळे आज साठा किती टक्के आहे, हा आकडा तुमच्या घरच्या उसाशी थेट जोडलेला आहे. तो जुना असून चालणार नाही.

मग रेघ कोठे ओढायची?

माझे मत एका वाक्यात सांगतो. जे बदलते त्याला खिडकी द्यावी, जे बदलत नाही ते घरात ठेवावे.

यवतचा पाठ या नियमाने तपासून पाहा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. ही घटना आता बदलणार नाही. तिच्यासाठी कोणाच्या अंगणात डोकावण्याची गरज काय? बाईंनी चार ओळी स्वतः लिहाव्यात. कालव्याचा मार्गही रोज बदलत नाही. त्याचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा आणि त्याचे छायाचित्र स्लाइडमध्ये लावावे. धरणाच्या दरवाजाची फीत, परवानगी असल्यास, उतरवून ठेवावी. पाणीसाठ्याचा तक्ता मात्र खिडकीतच असावा. चारपैकी एकच खिडकी उरली, आणि ती उघडली नाही तरी पाठ चालू राहील.

तरीही त्या एका खिडकीच्या खाली एक जुना आकडा तारखेसह लिहून ठेवावा. म्हणजे नेट गेले तर बाई म्हणू शकतील, ‘आजचा आकडा दिसत नाही, पण अमुक तारखेचा हा आहे. त्यावर गणित करू.’ घरात ठेवलेल्या प्रत्येक नकलेवरही ती कोठून घेतली आणि केव्हा घेतली हे लिहावे. दर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी सगळा पाठ एकदा चालवून पाहावा. मोडलेल्या खिडक्या काढाव्यात, शिळ्या नकला बदलाव्यात. पावसाळ्यापूर्वी घर शाकारतो, तसेच हे.

उतरवून घेताना मालकी विसरू नका. इंटरनेटवर दिसते ते सगळे फुकट वाटायला ठेवलेले नसते. आपल्याकडे १९५७ सालचा लेखाधिकाराचा कायदा आहे. त्यात शिकवण्यासाठी काही सवलती आहेत, पण त्या मोजक्या आहेत. सुदैवाने अनेकांनी आपले काम मोकळेपणाने वापरायला दिले आहे. मराठी विकिपीडियाचा मजकूर नाव देऊन व तिच्या अटी पाळून वापरता येतो आणि ‘किविक्स’ नावाच्या साधनाने तिची पाने नेटशिवाय वाचता येतात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील विज्ञानाचे प्रयोगही संगणकावर उतरवून नेटशिवाय करता येतात. विशेष म्हणजे त्यांचेही अनेक जुने प्रयोग फ्लॅशमध्ये होते. ते त्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा तयार केले. घर शाकारणे म्हणतात ते हेच!

पुस्तकातली खिडकी

तुम्ही म्हणाल, ‘हे सगळे पीपीटीपुरते. आमचे पुस्तक तर छापील आहे.’ पण पुस्तक उघडून पाहा. धड्याजवळ काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे एक चिन्ह असेल. तो क्यूआर कोड. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार झाला. तीही एक खिडकीच आहे, शाईने छापलेली.

यवतहून सोलापूरच्या दिशेने पुढे गेले की सोलापूर जिल्हा लागतो. त्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पुस्तकांतही असे कोड आले. डिसिले नव्हे, डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आता एक कोडे. छापलेली शाई बदलता येत नाही. मग कोडमागचे पान हलले तर लाखो पुस्तकांतील खिडक्या एकदम बंद पडणार नाहीत का? यावरची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी व्यवस्थेत कोडला सहा अक्षरांची एक खूण असते. ती खूण थेट कोणाच्या चित्रफितीचा पत्ता नसते. ‘दीक्षा’च्या वहीत त्या खुणेपुढे कोणते साहित्य दाखवायचे याची नोंद असते. साहित्य बदलले तर वहीतली नोंद बदलायची, पुस्तक तसेच. शेजाऱ्याच्या अंगणात थेट खिडकी न काढता आधी आपली स्वतःची ओसरी बांधायची, असा हा प्रकार. ओसरीची काळजी मात्र कायम घ्यावी लागते. तीच पडली तर सगळे कोड मुके होतील.

शाळासुद्धा हे लहान प्रमाणावर करू शकते. सगळ्या पाठांतील लिंक एका वहीत लिहाव्यात. कोणत्या पाठात कोणती लिंक आहे, ती शेवटची कोणी व केव्हा तपासली, याचे तीन रकाने पुरेत. एवढ्याने बाईंची बदली झाली तरी पाठ पोरका होणार नाही.

करून पाहा

मित्रांनो, माझे म्हणणे नुसते ऐकून मान्य करू नका. शाळेतील एखादा संगणकावरचा पाठ शिक्षकांच्या परवानगीने घ्या. त्यातील खिडक्या मोजा. मग संगणकाचे नेट बंद करून पाठ पुन्हा उघडा. काय उरले? जे उरले ते पाठात होते. जे गेले ते उसने होते. गेलेल्यांपैकी प्रत्येकाविषयी विचारा, हे खरोखर रोज बदलणारे आहे का? नसेल तर ते घरात आणण्यासाठी शिक्षकांना मदत करा. मजकूर मराठीत लिहा, आकृती हाताने काढा. ही कामे नववीच्या विद्यार्थ्याला सहज जमतात आणि करता करता धडाही पक्का होतो.

दुसरा प्रयोग महिनाभराचा. पावसाळ्यात रोज ठरलेल्या वेळी चार धरणांचा साठा वेबसाइटवरून पाहा आणि तारखेसह वहीत लिहा. एखाद्या दिवशी नेट नसेल तर ती जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. महिन्याच्या शेवटी आलेख काढा. आलेखाची रेघ कोठे झपाट्याने चढली आणि त्या दिवसांत यवतला पाऊस होता की नव्हता, हे ताडून पाहा. यवतचे आभाळ कोरडे असताना धरण भरताना दिसले, तर त्याचे कारण शोधताना सह्याद्रीचा घाटमाथा तुम्हाला भेटेल.

आणि आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. तक्त्याच्या पानावर समोर दिसतो तो आजचा आकडा. उद्या त्या जागी उद्याचा येईल. कालचा, परवाचा, महिन्यापूर्वीचा आकडा तारीख घालून तुम्ही लिहिला असेल, तर तो तुमच्या वहीत आहे. नेट नसताना, लाइट गेलेली असताना, कंदिलाच्या उजेडातसुद्धा तो वाचता येतो. पुढच्या वर्षीच्या नववीच्या पाठात बाईंनी तुमचाच आलेख स्लाइडवर लावला, तर त्या स्लाइडसाठी कोणाकडे काही उसने मागावे लागणार नाही.